लोकर जाळून पाहा, कागद फाडून पाहा

दिवाळी सरली की फलटणमध्ये पहाटेचा गारवा सुरू होतो आणि ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी विचारतं, "विणायला शिकायचंय, कुठली लोकर आणू?" मी सांगते, आधी काही विकत आणू नका. घरात जी असेल ती घेऊन या. जुन्या स्वेटरचा उसवलेला धागा, मफलरचा गोंडा, बनियनची चिंधी, क्रोशाच्या रुमालाचं सूत, काहीही चालेल. चार बोटं लांबीचा एकेक तुकडा पुरतो.

मग आम्ही अंगणात बसतो. समोर स्टीलच्या ताटलीत पाणी, हातात चिमटा आणि काडेपेटी. मुलं असतील तर ती लांबूनच बघतात. चिमट्यात एकेक धागा धरून त्याला काडी लावायची. खरी लोकर लवकर पेट घेत नाही आणि काडी बाजूला केली की बहुतेक वेळा आपोआप विझते. केस जळल्यासारखा वास येतो आणि टोकाला राहिलेला काळा भाग गार झाल्यावर चिमटीत सहज चुरतो. सूत भरकन पेटतं, मागे मऊ करडी राख राहते आणि वास येतो तो थेट कागद जळल्याचा. तिसरा धागा पेटता पेटता वितळतो, काळा धूर काढतो आणि टोकाला टणक काळा मणी तयार होतो. तो बोटांनी फुटत नाही. हा झाला ॲक्रिलिक. दुकानात आपण ज्याला सरसकट लोकर म्हणतो, ती बहुतेक वेळा हीच असते.

हा खेळ मी मुद्दाम पहिल्याच दिवशी करवते. विणकाम किंवा कागदकाम हौसेने सुरू करून महिन्याभरात सोडून देणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. "मला जमत नाही," असं ती म्हणतात. खरं तर हातात चुकीचं साहित्य असतं आणि पहिलंच काम फार मोठं धरलेलं असतं. साहित्य बोटांच्या ओळखीचं झालं की अर्ध्या चुका आपोआप टळतात आणि कामात गोडी वाटू लागते. म्हणून या लेखात नमुने कमी आहेत, साहित्याबद्दलच जास्त सांगितलं आहे.

आपल्या दारातली लोकर

नवशिक्या मंडळींचा पुढचा प्रश्न बरोबरच असतो. फलटण, माण, खटाव, आटपाडी हा सगळा मेंढरांचा मुलूख, मग लोकर बाहेरून कशाला आणायची? लोणंदच्या बाजारात मेंढ्या येतात, रस्त्याने धनगरांचे वाडे चाललेले दिसतात, तरी स्वेटरची लोकर मात्र लुधियानाहून येते.

कारण तंतूच्या जाडीत आहे. मऊ स्वेटरसाठी नावाजलेल्या मेरिनो मेंढीचा तंतू साधारण 20 मायक्रॉनचा असतो. तंतू 30 मायक्रॉनच्या पुढे गेला की त्याची टोकं कातडीला टोचू लागतात. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर याहून बरीच जाड, राठ आणि केसाळ असते. तिचा स्वेटर विणला तर अंगाला खाजेल. पण हीच लोकर घोंगडीला उत्तम. सनगर आणि खुटेकर मंडळी ती पिंजून, चरख्यावर कातून, खड्ड्याच्या मागावर विणतात आणि ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. उन्हापावसात रानात राहणाऱ्या माणसाला याहून चांगलं पांघरूण नाही. लोकर चांगली की वाईट हे ती कशासाठी वापरायची त्यावर ठरतं.

फलटणमध्येच 1968 साली उभी राहिलेली निंबकर कृषी संशोधन संस्था मेंढ्यांवर अनेक वर्षं काम करते आहे. सुंदरबनातल्या गारोळ मेंढीमधला जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणून तिथे 'नारी सुवर्णा' तयार झाली. हे काम मांसासाठी जास्त कोकरं मिळावीत म्हणून झालं, कारण मेंढपाळाचं पोट त्यावर चालतं. लोकरीतून अनेकदा कातरणीची मजुरीही सुटत नाही. याचं मला वाईट वाटतं, म्हणून एक सुचवते. घोंगडी विणणाऱ्यांकडून हातकताईचं दख्खनी सूत थोडंसं मागून घ्या. क्रोशाच्या जाड सुईने त्याचं देवापुढचं आसन, पाटावरची बैठक किंवा कुंडीखालचं जाड वेटोळं करा. काळा, तपकिरी, करडा हे या लोकरीचे अंगचे रंग आहेत, रंगवावी लागत नाही. विणण्याआधी सूत कोमट पाण्यात बुडवून सावलीत वाळवा, राठपणा थोडा कमी होतो. वस्तू टिकेलही आणि चार पैसे इथल्या माणसाच्या हातात जातील.

दुकानात गेल्यावर

आता विकतच्या धाग्याकडे वळू. फलटणची थंडी पहाटेपुरती. दुपारी ऊन चटकतं. मोठ्या माणसाचा जाड, पूर्ण बाह्यांचा स्वेटर इथे वर्षातून मोजके दिवस अंगावर चढतो, आणि नवखी बाई नेमका तोच विणायला घेते. त्यापेक्षा कानटोपी, मफलर, बिनबाह्यांचं जाकीट आणि बाळंतविड्यातले मोजे-टोपडं ही कामं हाताशी धरा. बाळासाठी विणताना त्याच्या अंगाला लागणारा धागा मऊ आहे ना, हे हाताने पाहू नका. राबून राबून हाताची कातडी जाड झालेली असते. गुंडा गालाला किंवा मानेला लावून अर्धा मिनिट थांबा. टोचलं तर तो धागा बाळासाठी नाही. बाळाच्या कपड्याला लांब नाड्या, गोंडे आणि सुटी बटणं लावू नका, आणि मोज्यांच्या आत धाग्यांची मोकळी टोकं ठेवू नका. बाळाची बोटं त्यात अडकतात.

गुंड्यावर पदर लिहिलेले असतात. शिकायला चार पदरी किंवा त्याहून थोडा जाड, गुळगुळीत धागा घ्या. रंग फिका, एकसारखा. काळा आणि गर्द निळा टाळा, कारण त्यात टाका दिसतच नाही. केसाळ, चमकीचा, गाठीगाठीचा धागा दुकानात मोह पाडतो, पण चुकलं तर तो उसवता येत नाही. एका कामाला लागणारा सगळा धागा एकाच वेळी घ्या आणि वेष्टनावरचा रंगाचा लॉट क्रमांक जुळतो का ते बघा. एकाच नावाचे दोन रंग वेगळ्या लॉटमध्ये किंचित वेगळे निघतात आणि पुढच्या भागावर बरोबर पट्टा उमटतो. एका जाकिटाच्या वेळी माझ्याकडून ही चूक झाली. दुकानदाराने "तोच रंग आहे ताई" म्हणून दिला, मी दिव्याच्या उजेडात घेतला आणि दिवसा पाहिलं तर पाठ वेगळी, पोट वेगळं. तेव्हापासून रंग मी दिवसाउजेडीच घेते.

सुयांच्या क्रमांकाने नवखी माणसं गोंधळतात. आपल्याकडे जुनी पद्धत अजून चालते. तिच्यात क्रमांक वाढला की सुई बारीक होते. 8 नंबरची सुई 4 मिलिमीटर, 10 नंबरची 3.25 आणि 12 नंबरची सुमारे 2.75 मिलिमीटर. इंटरनेटवरचे नमुने मात्र मिलिमीटरमध्ये असतात. तिथे "4" वाचून कुणी 4 नंबरची सुई मागितली तर जाडजूड सुई हातात येईल. शिकायला 8 किंवा 9 नंबरची जोडी घ्या. बांबूची किंवा लाकडाची असेल तर टाके घसरत नाहीत आणि हलकी असल्याने मनगट दुखत नाही.

पहिला चौकोन

तीस टाके घाला आणि प्रत्येक ओळ सुलट विणा. येताना सुलट, जाताना सुलट, बस्स. याचा फायदा असा की विणलेलं सपाट राहतं. एक सुई सुलट आणि एक सुई उलट विणलं की समोरून सुरेख गुळगुळीत जाळी दिसते, पण त्याच्या कडा आत वळतात. नवखीला वाटतं आपलंच काही चुकलं. चुकलेलं नसतं. त्या विणीचा स्वभावच तसा आहे, म्हणून त्या विणीच्या कपड्याला खाली 'दोन सुलट दोन उलट'ची बॉर्डर करतात. बॉर्डर शोभेसाठी तर आहेच, पण कड वळू नये हे तिचं खरं काम.

पहिले आठ-दहा दिवस टाके घट्ट पडतात. भीतीने बोटं आवळलेली असतात आणि पुढच्या ओळीला सुई आत शिरत नाही. यावर उपाय एकच. टाका सुईच्या निमुळत्या टोकावर न ठेवता सुईच्या जाड भागावर सरकवत चला, म्हणजे त्याचं माप सुई ठरवते. दर दोन ओळींनी टाके मोजा. तीसचे एकतीस झाले तर कडेचा टाका दोनदा विणला गेला आहे किंवा धागा सुईवरून नको तिथे गेला आहे. एकोणतीस झाले तर टाका सुटला आहे. सुटलेल्या टाक्याला घाबरू नका. तो खाली उतरत गेला की मागे शिडीसारख्या आडव्या दांड्या दिसतात. क्रोशाची सुई टाक्यात घाला, सर्वांत खालची दांडी ओढून टाक्यातून बाहेर काढा, मग तिच्या वरची. असं करत वर या आणि टाका पुन्हा सुईवर ठेवा. ज्या दिवशी हे जमतं त्या दिवसापासून विणकामाची भीती जाते. मी तर शिकवताना मुद्दाम एक टाका सोडून द्यायला लावते.

चौकोन वीतभर झाला की टाके बंद करा, धुवा, वाळवा आणि मग मधोमध पट्टी ठेवून 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके बसले ते मोजा. हे माप प्रत्येक हाताचं वेगळं असतं. पुस्तकातला नमुना ज्या हाताने विणला तो हात तुमचा नाही, म्हणून पुस्तकातले टाके जसेच्या तसे घालू नयेत.

आता टोपीचं गणित बघा. पाच वर्षांच्या मुलाचं डोकं साधारण 50 सेंटिमीटर घेराचं असतं. टोपी ताणून बसायला हवी, म्हणून घेर 45 धरू. ज्या विणीत टोपी करायची त्याच विणीचा चौकोन करून मोजा. समजा 10 सेंटिमीटरला तुमचे 20 टाके आले. म्हणजे 90 टाके घालायचे. 'दोन सुलट दोन उलट' अशी बॉर्डर 6 सेंटिमीटर विणा. ओळीची सुरुवात दोन सुलट टाक्यांनी होते आणि शेवटही दोन सुलट टाक्यांनीच होतो. म्हणून नव्वद हा आकडा सोयीचा आहे, शिवण घातल्यावर पट्टे जुळतात. पुढे एक सुई सुलट, एक सुई उलट, असं एकूण उंची 16-17 सेंटिमीटर होईपर्यंत. मग सुलट ओळीत दोन-दोन टाके एकत्र विणत जा, 45 उरतील. एक ओळ उलट. पुन्हा दोन-दोन एकत्र, शेवटचा एकटा, म्हणजे 23. धागा हातभर ठेवून कापा, सुईत ओवून सगळ्या टाक्यांतून काढा, आवळा आणि त्याच धाग्याने मागची शिवण घाला.

या टोप्या कुणासाठी करायच्या, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. कार्तिकापासून आपल्या शिवारात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. पहाटे तीन-चारला आईबाप फडात जातात, लेकरं गाडीत किंवा कोपीत कुडकुडत असतात. एका टोपीला दोन-तीन संध्याकाळी लागतात. एवढंच लक्षात ठेवा की कोपीत चूल उघडी असते. ॲक्रिलिक वितळतं हे आपण काडी लावून पाहिलं, आणि वितळलेलं ते कातडीला चिकटतं. म्हणून तिथल्या मुलांसाठी शक्यतो खऱ्या लोकरीचा किंवा लोकर जास्त असलेला धागा वापरा, टोपी डोक्यालगत ठेवा, लोंबणारं काही लावू नका. धागा कुठला घ्यायचा हे कुणासाठी आणि कुठे वापरायचा त्यावरून ठरवायचं, ते असं.

क्रोशाबद्दल थोडक्यात. एकच सुई, एका वेळी एकच टाका, त्यामुळे टाके गळण्याची भीती नाही. ज्यांना दोन सुया सांभाळणं अवघड जातं त्यांनी इथूनच सुरुवात करावी. साखळी, मुका खांब आणि खांब, एवढं आलं की तोरण, ताटावरचा रुमाल, पाण्याच्या बाटलीची पिशवी सगळं होतं. आपल्या हवेला सुती क्रोशा जास्त मानवतो. उन्हाळ्यातही हातात घाम न येता विणता येतो.

सूत आणि कागद, एकाच घरातले

सूत जळताना कागदाचा वास येतो, त्याला कारण आहे. कापूस आणि कागद दोन्ही मूळचे सेल्युलोज. हातकागद तर बराचसा कापडाच्या चिंध्यांपासूनच होतो, आणि त्यातही बनियनच्या कारखान्यातलं सुती कातरण विशेष चांगलं समजतात. बनियनचं कापड म्हणजे विणलेलं कापड, तेच सुलट-उलट टाके, फक्त यंत्राने घातलेले. तुमच्या हातात एखादी हातकागदाची पत्रिका आली तर ती कधीकाळी कुणाच्या तरी विणीतले टाके असू शकते.

महाराष्ट्राला या कागदाचा मोठा वारसा आहे. जुन्नरचा कागद पूर्वी नावाजलेला होता. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागद करणाऱ्यांची वस्तीच होती, गावाचं नावच त्यावरून पडलं. पुण्यात गांधीजींच्या प्रेरणेने 1940 मध्ये हातकागद संस्था उभी राहिली. फलटणहून पुण्याला जाणं-येणं असतंच. शिवाजीनगरला वाट वाकडी करून एकदा तिथला कागद बोटांनी चाचपून पाहा. वहीच्या कागदापेक्षा तो वेगळा का लागतो, हे हाताला लगेच कळतं. त्यातले तंतू लांब असतात आणि सगळीकडे विखुरलेले असतात.

यंत्राच्या कागदात मात्र तंतू बहुतेक एकाच दिशेने पडतात. ही झाली कागदाची धार. कागदकामातले निम्मे रुसवेफुगवे या धारेमुळे होतात. ती ओळखायला वर्तमानपत्र घ्या आणि एकदा उभं, एकदा आडवं फाडा. एका दिशेने सरळ पट्टी निघेल, दुसऱ्या दिशेने फाटत फाटत भलतीकडे जाईल. सरळ फाटतं ती धार. धारेच्या दिशेने घडी स्वच्छ पडते, आडवी घातली तर जाड कागदाची घडी तडकते. भेटकार्डाची पाठीची घडी नेहमी धारेला समांतर हवी. कार्डावर चित्र चिकटवलं आणि रात्रीतून कार्ड वाकडं झालं, ही तक्रार मी कितीदा तरी ऐकली आहे. खळीचा ओलावा लागला की कागद धारेच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. वरच्या आणि खालच्या कागदाची धार एकाच दिशेला ठेवा आणि वाळेपर्यंत वजनाखाली दाबा.

लग्नसराई झाली की घरोघरी पत्रिकांचे गठ्ठे पडतात. त्या फेकू नका. कागद जाड, रंग सुंदर आणि एक बाजू बहुतेक कोरी. फक्त गुळगुळीत थराचा कागद घडीवर पांढरा फुटतो. घडी घालण्याआधी पट्टी लावून संपलेल्या रिफिलने एक रेघ दाबून ओढा, शाई नको, फक्त खाच. मग घडी सुबक पडते. यातून संक्रांतीच्या तिळगुळाच्या छोट्या डब्या, आहेराची पाकिटं, रुखवताला ठेवायच्या वस्तू होतात. हलव्याच्या दागिन्यांना मागून आधार द्यायलाही हाच कागद कापून घ्यावा. देवाचं चित्र असेल तर तो भाग आधी अलगद कापून बाजूला ठेवावा म्हणजे कुणाचं मन दुखावत नाही.

नुसत्या घडीचा छंद हवा असेल तर ओरिगामी आहे. कात्री नको, खळ नको, पैसे नकोत. अनिल अवचटांनी हा छंद मराठी घरांत किती आपुलकीने पोचवला हे अनेकांना आठवत असेल. बोलता बोलता त्यांच्या हातून कागदाचे पक्षी-प्राणी घडत. सुरुवातीला रंगीत, महागडा कागद आणू नका. झेरॉक्सचा 70-75 जीएसएमचा कागद चौकोनी कापून घ्या. होडी, टोपी, भिंगरी हे आपल्याला लहानपणापासून येतंच, तेच पण सावकाश आणि कोपऱ्याला कोपरा तंतोतंत जुळवून करा. घडी बोटाच्या पेराने न दाबता नखाने दाबा, मधून कडेकडे.

एक घडी मात्र शिकून घ्याच. 1893 साली टी. सुंदर राव यांनी मद्रासहून कागदाच्या घड्यांमधून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक काढलं होतं. कागद दुमडून समभुज त्रिकोण करायची वाट त्याच भूमितीतली. चौकोनी कागद मधोमध उभा दुमडून उघडा, मध्यरेषा मिळाली. आता खालचा डावा कोपरा उचलून त्या मध्यरेषेवर ठेवा, पण घडी खालच्या उजव्या कोपऱ्यातूनच गेली पाहिजे. कोपरा जिथे टेकला तिथे टिंब करा आणि कागद उघडा. ते टिंब आणि खालचे दोन कोपरे पट्टीने जोडा. तिन्ही बाजू सारख्या. कोनमापक लागला नाही. कंदिलाच्या चांदणीला आणि षटकोनी डबीला हा त्रिकोण फार उपयोगी पडतो. सातवी-आठवीतल्या मुलांना ही घडी दाखवली की "का?" हा प्रश्न ती स्वतःहून विचारतात, आणि तिथून पुढे भूमिती सोपी जाते.

हातातलं कागदकाम आपल्याकडे सणांशी जोडलेलं आहे. आपल्या भागात पतंग नागपंचमीला उडतात. पतंगाचा कागद आणि कामट्या तेव्हा आणून ठेवल्या की दिवाळीच्या कंदिलालाही पुरतात. कामटी तासून घ्या आणि मधोमध बोटावर तोलून पाहा. एक बाजू झुकली तर ती जाड आहे, पुन्हा तासा. कंदिलाच्या कामट्या दोऱ्याने बांधताना आधी आडवे-तिडवे वेढे, मग दोन कामट्यांच्या मधून आवळणारे वेढे. मधले वेढे विसरले की सांगाडा डगमगतो. खळ घरी करा: एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, आधी गार पाण्यात गुठळ्या मोडा, मग मंद आचेवर पारदर्शक दिसेपर्यंत ढवळा. जुनी माणसं कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलं हात घालणार असतील तर घालू नका, खळ ताजी करा आणि दोन दिवसांत संपवा. पातळ कागदाला खळ कामटीवर लावा, कागदावर नाही. कागदावर लावली तर तो गळतो. चिकटवल्यावर सुरकुत्या राहिल्या तर दुसऱ्या दिवशी पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. वाळताना कागद आपोआप ताणला जातो. आत जुना तापणारा बल्ब लावू नका, छोटा एलईडी लावा.

चैत्रातलं ऊन वाया घालवू नका

घरी कागद करायचा असेल तर फलटणसारखी हवा नाही. कोरडी, कडक. एप्रिलमध्ये सकाळी घातलेला कागद दुपारी हातात येतो. जुन्या वह्यांचे तुकडे रात्रभर भिजवा, भरपूर पाणी घालून मिक्सरमध्ये फिरवा. मिक्सरचं भांडं मात्र वेगळं ठेवा, शाई अन्नात जायला नको. लगदा घमेल्यात पाण्यात कालवा, चमचाभर खळ घाला म्हणजे पुढे शाई फुटणार नाही. जुन्या फोटोच्या चौकटीला मच्छरदाणीची जाळी ताणून खिळे मारा. ती चौकट उभी बुडवा, पाण्याखाली आडवी करा आणि सावकाश सरळ वर उचला. जाळीवर लगद्याची साय येते. हा क्षण बघण्यासारखा असतो, मुलं तर दहा-दहा वेळा करून बघतात. पाणी निथळलं की सुती कापडावर पालथी टाका, मागून स्पंजने टिपा आणि जाळी उचला. वर दुसरं कापड, पाट आणि वरवंट्याचं वजन. तासाभराने कापडासकट सावलीत आणि शेवटी उन्हात.

लगद्यात कांद्याची सालं बारीक चुरून घातली तर कागदावर तांबूस ठिपके येतात. लोणंदच्या कांद्याला सालांची कमतरता नाही. झेंडूच्या पाकळ्यांचा रंगही बऱ्यापैकी टिकतो, गुलाबाच्या पाकळ्या मात्र काळपट पडतात. उसाच्या चिपाडाचा कागद करू का, असं हमखास विचारलं जातं. कारखान्यात होतो, पण त्यासाठी चिपाड कॉस्टिक सोड्यात शिजवावं लागतं. ते घरात करायचं काम नाही. उरलेला लगदा मोरीत ओतू नका, ती तुंबते. गाळून, गोळा वाळवून ठेवा, पुढच्या वेळी भिजवून वापरता येतो.

हाताची काळजी, सोबतीची गरज

फलटणला शाळेच्या निमित्ताने कमला निंबकर हे नाव रोज उच्चारलं जातं. 'कमला निंबकर बालभवन' 1986 मध्ये सुरू झालं. पण त्या कोण होत्या हे सगळ्यांना ठाऊक नसतं. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाईंनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात आशियातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. आजारातून किंवा अपघातातून उठलेल्या माणसाला हाताला अर्थ असलेलं काम देत देत पुन्हा उभं करायचं, अशी ती विद्या. विणकाम, टोपल्या वळणं, सुतारकाम ही तेव्हा तिची नेहमीची साधनं होती. हाताचा छंद म्हणजे रिकामटेकडेपणा असं कुणी म्हणालं की मला कमलाबाई आठवतात.

त्या विद्येतली एक शिस्त आपणही पाळावी. सलग अर्ध्या-पाऊण तासावर विणू नका. उठा, बोटं उघडा-मिटा, मान फिरवा, लांबच्या झाडाकडे बघा. कोपर मांडीवर किंवा उशीवर टेकलेलं असावं. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागलं तर दोन दिवस सुया ठेवा आणि कागद हातात घ्या. तिथे बोटांची हालचाल वेगळी असते. दोन छंद जोडीने ठेवायचा हाही फायदा. सांधे आखडलेल्या आजींना जाड, हलकी सुई आणि जाड धागा द्या. बारीक क्रोशाचा आग्रह धरू नका.

आणि शक्य तर दोघीतिघी मिळून बसा. आठवड्यातून एक दुपार, कुणाच्या तरी पडवीत. पुरुषांनीही यावं. माझ्या ओळखीतले निवृत्त शिक्षक उत्तम मफलर विणतात आणि त्यांच्या टाक्यांइतके सारखे टाके माझेही नाहीत. एकटीने अडलेली ओळ दुसरीच्या नजरेला लगेच दिसते. ज्येष्ठ बायकांकडून विणी शिकून घ्या आणि नुसत्या लिहून ठेवू नका, चार बोटं रुंदीचा नमुना विणून कागदावर टाचा, खाली सुईचा नंबर आणि किती टाक्यांची पुनरावृत्ती ते लिहा. अनेक विणींना पुस्तकात नाव नाही. त्या फक्त कुणाच्या तरी हातात आहेत.

पहिली लोकर कुठून आणायची, हे आता सांगते. कपाटात एखादा जुना, आखूड झालेला स्वेटर असेलच. त्याच्या शिवणी बघा. शिवणीलगत विणीच्या कडा बंद टाक्यांच्या, साखळीसारख्या दिसल्या तर तो उसवतो. कापून मशीन मारलेला असेल तर हातभर लांबीचेच तुकडे निघतील, तो सोडून द्या. आधी शिवणी काढा, मग बाही, मग पाठ, नेहमी वरून खाली. निघेल तो धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळत लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा. धागा नागमोडी झालेला असतो, तसाच विणला तर टाके वाकडे पडतात. लडी कोमट पाण्यात थोड्या साबणात अर्धा तास ठेवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. मग सावलीत दांडीला अडकवून खालच्या टोकाला पाण्याने अर्धी भरलेली छोटी बाटली बांधा. दुसऱ्या दिवशी धागा सरळ झालेला असेल. गुंडा करताना सैल गुंडाळा आणि एक तुकडा ताटलीतल्या परीक्षेसाठी बाजूला ठेवा.